सुतळीकाकांचं शून्य

फ्रिज चावतो, अशी तक्रार काकूंनी केली तेव्हा सुतळीकाका जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधत होते. गठ्ठा बांधताना मधे कोणी बोललेलं त्यांना खपत नसे.

"चावतो म्हणजे?" त्यांनी गाठीवरचा अंगठा न उचलता विचारलं.

"म्हणजे दाराला हात लावला की झिणझिण्या येतात. हात ओला असला तर जरा जास्तच."

"मला कधी आल्या नाहीत."

"तुम्ही फ्रिज कधी उघडलात?"

काकांनी गाठ आवळली.

काकांचं सगळं आयुष्य गाठी आवळण्यात गेलं होतं. मालवाहतुकीच्या एका कंपनीत ते पार्सलखात्याचे प्रमुख होते. त्यांच्या हातून बांधून गेलेलं खोकं वाटेत कधी उघडलं नाही. कित्येकदा ते पोचल्यावरही उघडत नसे आणि लोक शेवटी करवत आणून ते कापत. निवृत्त झाल्यावर खोकी गेली, पण हात तेच राहिले. घरातल्या इस्त्रीची वायर इस्त्रीभोवती घट्ट गुंडाळून वर सुतळीची गाठ. पाण्याच्या नळीला गाठ. काकूंच्या मोबाइलच्या चार्जरला तर इतकी बारीक आणि सुबक गाठ की चार्जिंग संपत आलं की काकू आधी कात्री शोधायला लागत. सगळी इमारत त्यांना सुतळीकाका म्हणायची आणि काकांना त्यात काही वावगं वाटत नसे. लोंबणारी वायर दिसली की त्यांना एखाद्याचा सदरा अर्धा बाहेर आलेला दिसावा तसं कसंतरी व्हायचं.

तर फ्रिज. काकांच्या मते तो काकूंच्या मनाचा खेळ होता. आणखी दोन दिवस तो तसाच राहिला असता, पण काकूंनी तो खेळ फोनवर मुलीला सांगितला.

मुलगी येत्या रविवारी येणार होती. तिला नोकरीतल्या प्रशिक्षणासाठी महिनाभर परगावी जायचं होतं आणि तेवढे दिवस पिटुकली आजी-आजोबांकडे राहणार होती. पिटुकली म्हणजे नात. नुकतीच चालायला लागली होती, आणि चालायचं म्हणजे जे हाताला लागेल ते धरून चालायचं. हे ठरल्यापासून काका रोज सकाळी उगाचच घरातून एक फेरी मारून टोकदार कोपरे मोजत होते.

"बाबा," मुलगी फोनवर म्हणाली, "ती फ्रिजच्या दारालाच लोंबकळते. आमच्याकडेही तेच करते. आधी कोणाला तरी दाखवून घ्या. नाहीतर मी तिला पाळणाघरात ठेवते, मला चालेल."

"अगं, काही नाही गं तसलं. तुझ्या आईचं आपलं काहीतरी."

"बाबा, मला चालेल," मुलगी पुन्हा म्हणाली. तिला मुळीच चालणार नव्हतं हे काकांना कळलं.

त्यांनी तडक वायरमनला फोन लावला. वायरमन म्हणाला, "निघालोच." हा वायरमन भला माणूस होता, कामातही हुशार होता, फक्त तो कायम निघालेला असे. कुठून निघाला आणि कुठे पोचला, हे कोणालाच कधी समजलं नाही. काका संध्याकाळपर्यंत दाराशी खुर्ची टाकून बसले. संध्याकाळी पुन्हा फोन केला तेव्हा वायरमन म्हणाला, "काका, तुमच्याकडेच निघतोय बघा." म्हणजे सकाळी निघाला होता तो आता निघायच्या बेतात आला होता.

दाराशी माणूस बसलेला दिसला की इमारतीत बातमी फिरते. आधी शेजारच्या वहिनी आल्या. त्यांनी लांबूनच फ्रिज पाहिला, लहान मुलाला आलेल्या पुरळाकडे पाहावं तसा. "आमच्या जाऊबाईंकडे असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी समोर लाकडी पाट ठेवला. गेलं."

"काय गेलं? झिणझिण्या का फ्रिज?"

"ते मी विचारलं नाही."

मग वरच्या मजल्यावरचे मास्तर उतरले. मास्तरांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं आणि शाळा सुटली तरी शिकवणं सुटलं नव्हतं. त्यांनी काकूंना नीट निरखलं, फ्रिजकडे पाहिलंही नाही. "वहिनींच्या अंगात जीवनसत्त्व कमी आहे," ते म्हणाले. "झिणझिण्या हे त्याचं लक्षण."

"मग गॅसच्या शेगडीला हात लावल्यावर का येत नाहीत?" काकूंनी विचारलं.

"तो पुढचा धडा," मास्तर म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी काका वीज कचेरीत गेले. खिडकीमागचा कारकून फार सौम्य माणूस होता. सौम्य कारकुनाची काकांना जास्त भीती वाटे, कारण रागावलेल्या कारकुनाशी निदान भांडता येतं.

"तुमच्या घराच्या मीटरपर्यंत आमचं," कारकून म्हणाला. "त्याच्या पुढे तुमचं."

"पण वीज तुमचीच ना?"

"मीटर ओलांडला की तुमची झाली. लग्न झालेल्या मुलीसारखी समजा." मग त्याला दया आली असावी. "तरी तक्रार घेतो. फ्रिजच्या अंगावर किती व्होल्ट येतात तेवढं सांगा."

"ते मला कसं कळणार?"

"मग मला कसं कळणार?"

हे इतकं बरोबर होतं की काका बाहेर पडले. आणि समोरच विजेच्या सामानाचं दुकान होतं. या कचेरीसमोर असं दुकान का असावं, याचा उलगडा त्यांना तिथल्या तिथे झाला.

दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक पिवळं यंत्र काढलं. मधोमध मोठं फिरतं बटण, वर काचेत आकडे, खाली तीन भोकं, आणि लाल-काळ्या दोन वायरी. "डिजिटल मल्टिमीटर," तो म्हणाला. "आता नीट ऐका काका. काळी वायर कायम या मधल्या भोकात. लाल या व्होल्टच्या भोकात. हे तिसरं भोक करंटचं. लाल वायर त्यात घालून प्लगमध्ये खुपसायची नाही, कधीच नाही. बटण आधी ठरवायचं, मग टोक लावायचं. बोटं या कडेच्या मागे, पुढे सरकू द्यायची नाहीत. आणि मोजायच्या आधी दरवेळी एखाद्या चालू गोष्टीवर लावून बघायचं, की मीटर जिवंत आहे ना. मोजून झाल्यावर पुन्हा बघायचं."

काका मान डोलवत होते, पण त्यांचं लक्ष निम्मंच होतं. दुकानदाराने बोलता बोलता दोन्ही वायरी गल्ल्यावर कशाही टाकल्या होत्या. त्या एकमेकींत गुंतून पडल्या होत्या, आणि एक तर गल्ल्यावरून खाली लोंबत होती. नव्या कोऱ्या वस्तूची ती दशा काकांना बघवेना. दुकानदार 'जिवंत' म्हणाला तेव्हा काकांच्या हातांनी आपोआप त्या वायरी उचलल्या, यंत्राभोवती गरगर गुंडाळल्या, शेवटचं टोक आत दाबलं आणि खिशातून सुतळीचा तुकडा काढून वर गाठ मारली.

"एवढं घट्ट नका गुंडाळू," दुकानदार म्हणाला.

काकांना हसू आलं. गुंडाळण्याबद्दल त्यांना आजवर कोणी काही शिकवलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं, हात धुतले, कोरडे केले, पुन्हा कोरडे केले. बैठकीच्या खोलीतल्या प्लगमध्ये टोकं घालताना त्यांनी श्वास रोखला होता. काचेत आकडा आला. दोनशे एकतीस. काका एकटेच होते, तरी त्यांनी मागे वळून कोणी पाहिलं का ते पाहिलं.

आता या जोशात त्यांनी लगेच फ्रिज मोजला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण खरं सांगायचं तर त्यांची छाती होईना. प्लग भिंतीत होता, तो आपल्या जागी गप्प उभा होता. फ्रिज मात्र अधूनमधून गुरगुरत होता. "आधी जरा हात बसू दे," ते काकूंना म्हणाले आणि वायरी गुंडाळून, गाठ मारून वहिनींकडे गेले. वहिनींचे प्लग मोजले. गुंडाळलं, गाठ मारली. समोरच्यांचे मोजले. गुंडाळलं, गाठ मारली. दरवेळी गाठ आधीपेक्षा सुबक येत होती. लोक खुर्ची पुढे करत होते. पार्सलखातं सुटल्यापासून कोणी त्यांना खुर्ची पुढे केली नव्हती.

शेवटी ते मास्तरांकडे पोचले, आणि तिथे घात झाला.

"दोनशे तीस," काका काचेत बघून म्हणाले.

"हे झाले व्होल्ट," मास्तर म्हणाले. "म्हणजे दाब. करंट किती आहे?"

"कुठला करंट?"

"या प्लगमध्ये. सुतळीकाका, टाकीतल्या पाण्याचा दाब सांगून भागत नाही. पाणी किती, तेही सांगावं लागतं."

काका गडबडले. पण यंत्रावर करंटचं भोक होतं, म्हणजे करंट मोजता येतच असणार. दुकानदार त्या भोकाबद्दल काहीतरी म्हणाला होता खरं. नेमकं काय म्हणाला ते गुंडाळण्याच्या नादात निसटलं होतं. मास्तरांसमोर विचार करत उभं राहणं त्यांना शोभेना. त्यांनी लाल वायर तिसऱ्या भोकात घातली आणि टोकं प्लगमध्ये सारली.

फाटकन आवाज झाला. निळसर उजेड झाला. मास्तरांचा पंखा हळूहळू थांबला, खालच्या मजल्यावर कोणाचा तरी मिक्सर मधेच गप्प झाला, आणि जिन्यातून एकदम चार-पाच दारं उघडल्याचे आवाज आले.

मास्तर सोफ्याच्या मागे होते. ते तिथे कधी गेले हे काकांना दिसलं नव्हतं.

"पुष्कळ आहे," मास्तर सोफ्यामागून म्हणाले.

काकांना लागलं नव्हतं. बोटं कडेच्या मागे होती, तेवढं दुकानदाराचं वाक्य कुठून तरी आत शिरलेलं होतं. लाल वायरचं टोक मात्र काळं पडून वितळलं होतं. जिन्यातल्या पेटीतलं पडलेलं बटण कोणीतरी वर केलं, दिवे आले, आणि काका भिंतीला धरून धरून खाली आले. हातांना काही तरी काम हवं म्हणून त्यांनी वायरी गुंडाळल्या, नेहमीपेक्षा जास्त घट्ट, आणि एकावर एक दोन गाठी मारल्या.

त्यांना वाटलं, आता तोंड दाखवायला जागा उरली नाही. झालं उलटंच. त्या आवाजाने सगळ्यांच्या मनात शंका घातली. संध्याकाळी वहिनी दाराशी आल्या. "काका, मघाच्या धक्क्याने आमच्या पाणी तापवायच्या यंत्राला काही झालं नसेल ना? तुमच्याकडे यंत्र आहे म्हणून म्हणते." मग समोरचे आले. कोणाचं धुलाईयंत्र, कोणाची इस्त्री. काकांना वाटलं, जे आपल्या हातून बिघडलं असेल ते आपल्याच हातून निस्तरायला हवं. पण आधी घर.

त्या संध्याकाळी, रबरी चप्पल घालून, डावा हात खिशात ठेवून, काका अखेर फ्रिजसमोर उभे राहिले. लाल वायर त्यांनी आठवणीने पुन्हा व्होल्टच्या भोकात घातली होती. काळ्या वायरचं टोक शेजारच्या प्लगच्या वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगच्या. लाल वायरचं काळवंडलेलं टोक त्यांनी दाराच्या उघड्या स्क्रूवर टेकवलं. मागे काकू हात जोडल्यासारखे धरून उभ्या होत्या.

शून्य.

काकांनी टोक हलवून बघितलं. शून्य. दुसरा स्क्रू. शून्य. त्यांच्या छातीवरचं ओझं असं काही उतरलं की त्यांना खुर्ची घ्यावी लागली.

"बघ," ते म्हणाले. "शून्य. काही नाही."

काकूंनी हात पुढे केला, दाराला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. "आहे," त्या म्हणाल्या.

"अगं, मीटर खोटं बोलेल का?"

"मी बोलते का?"

काका एवढे खूश होते की त्यांनी हा प्रश्न ऐकलाच नाही. त्यांनी मुलीला फोन करून शून्य सांगितलं. मुलगी म्हणाली, "बरं झालं बाबा, माझ्या जिवाला घोर लागला होता." मग ते इमारतभर फिरले. वहिनींचं पाणी तापवायचं यंत्र, शून्य. समोरच्यांचं धुलाईयंत्र, शून्य. इस्त्री, शून्य. मास्तरांकडेही शून्य निघालं. शून्य सांगताना काकांचा आवाज डॉक्टरांसारखा खालच्या पट्टीत येऊ लागला. लोक सुटकेचा श्वास टाकत. वहिनी म्हणाल्या, "आता मी निर्धास्त आंघोळ करीन."

काकू मात्र दोन दिवस फ्रिज उघडताना हाताला कोरडं फडकं गुंडाळत होत्या. काकांना ते दिसत होतं आणि टोचत होतं. आपल्याच घरात आपल्या शून्यावर विश्वास नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं.

रविवार उजाडला. मुलगी दुपारी येणार होती. सकाळी भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं दिसलं आणि काकूंनी काकांना नवा सेल आणायला पिटाळलं. काकांनी मीटर बरोबर घेतला. सेल मोजून घ्यावा, हा त्यांचा नवा शहाणपणा.

दुकान तेच. दुकानदाराने सेल पुढे ठेवला. काकांनी गाठी सोडल्या, बटण सेलच्या खुणेवर नेलं, दोन टोकं दोन बाजूंना लावली.

"हा मेलेला आहे," काका म्हणाले.

दुकानदाराने दुसरा दिला.

"हाही."

दुकानदाराने नवं पाकीट फोडलं. काकांनी त्यातला प्रत्येक सेल मोजला. शून्य, शून्य, शून्य. आता त्यांचा आवाज चढला. "मी वडीलधारा माणूस म्हणून तुम्ही मला जुना माल खपवताय. हे यंत्र तुमच्याच दुकानातलं आहे, आता तरी माना."

दुकानदाराने टेबलाच्या खणातून छोटी बॅटरी काढली, त्यातला सेल काढून काकांनी मेलेला ठरवलेला सेल घातला, आणि बटण दाबलं. लख्ख उजेड थेट काकांच्या तोंडावर पडला.

काका त्या उजेडात तसेच उभे राहिले. आधी त्यांना फक्त आपली फजिती झालेली कळली. मग, हळूहळू, थंड पाणी अंगावरून उतरावं तसं दुसरं कळायला लागलं. चालू सेलवर जे यंत्र शून्य म्हणतं, ते फ्रिजवर काय म्हणालं होतं?

"वायर बघू," दुकानदार म्हणाला. त्याने लाल वायर हातात घेतली. "टोक जळलंय, ते जाऊ दे. हे बघा, इथे मुळाशी. वरून धड दिसतेय, पण आतली तार पार तुटलीय. फार घट्ट गुंडाळता तुम्ही. काका? दरवेळी आधी चालू गोष्टीवर लावून बघत होता ना?"

काका यंत्र तसंच उचलून दुकानाबाहेर पडले होते.

मोबाइल घरीच राहिला होता. रविवार सकाळ, म्हणजे काकू स्वयंपाकघराची फरशी धूत असणार. ओली फरशी, अनवाणी पाय. काकांनी पळायला सुरुवात केली. पळण्याचं वय कधीच मागे पडलं होतं, त्यामुळे ते पळतायत हे फक्त त्यांनाच माहीत होतं, रस्त्यावरच्या लोकांना ते घाईने चालताना दिसले. डोक्यात शून्यांची रांग लागली होती. वहिनींचं पाणी तापवायचं यंत्र. निर्धास्त आंघोळ. समोरच्यांची इस्त्री. आपण दारोदार जाऊन विश्वास वाटला आणि तो सगळा तुटक्या वायरीतून आला होता.

जिन्यात वहिनींचं दार उघडं होतं. "वहिनी, ते पाणी तापवायचं यंत्र लावू नका," काका धापा टाकत म्हणाले.

"का हो? परवा तर शून्य म्हणालात."

"ते शून्य धरू नका," काका म्हणाले आणि पुढे गेले.

आपल्या दाराशी येऊन ते थबकले. उंबऱ्याबाहेर बोटभर लांबीचे दोन लाल सँडल होते. मुलगी लवकर आली होती.

आत शिरल्याबरोबर काकांनी दाराजवळच्या पेटीतलं मुख्य बटण खाली ओढलं. पंखा थांबला. घरात कुठेच आवाज नव्हता. ते भिंतीला धरून स्वयंपाकघराकडे वळले.

स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची आडवी घातलेली होती. खुर्चीच्या अलीकडे जमिनीवर पिटुकली बसली होती आणि काकांच्या सुतळीचा गुंडा उलगडत होती. ओल्या फरशीवर काकू झाडू घेऊन उभ्या होत्या, पायात काकांच्याच रबरी चपला. फ्रिजचा प्लग भिंतीतून काढून फ्रिजच्या डोक्यावर ठेवलेला होता.

"दिवे तुम्ही घालवलेत?" काकूंनी विचारलं.

काकांनी प्लगकडे बोट केलं.

"सकाळीच काढला," काकू म्हणाल्या. "तुम्ही बाहेर पडल्यावर. पोरगी येणार, आणि तुमचं यंत्र काहीही म्हणो, माझा हात काही शून्य म्हणत नव्हता."

काका आडव्या खुर्चीवरच बसले. मुलीने पाणी आणून दिलं. ग्लास रिकामा होईपर्यंत त्यांनी सगळं सांगून टाकलं. सेल, उजेड, तुटकी वायर. मुलीने फक्त पिटुकलीला उचलून मांडीवर घेतलं, आणि ते काकांना बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"तिचं सामान अजून गाडीत आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे," मुलगी म्हणाली. "बघू या बाबा. संध्याकाळपर्यंत थांबते."

आणि नेमका त्या दिवशी वायरमन पोचला. तो निघाला होता त्यापैकी नक्की कुठल्या वेळचा पोचला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने काकांच्या मदतीने फ्रिज भिंतीपासून ओढला, मागे वाकून बघितलं आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"हे कोणी बांधलंय?"

काका वाकले. फ्रिज आणला त्या दिवशी त्याची लांबलचक वायर मागे लोंबत होती. काकांनी ती तिथल्या तिथे गुंडाळून, मुडपून, चेपून, सुतळीने आवळून फ्रिजच्या पाठीला बांधून टाकली होती. इतक्या वर्षांत त्या आवळलेल्या वळणावर वायरची कातडी फुटली होती, आतला तांब्याचा धागा पत्र्याला टेकत होता, आणि अर्थिंगची तार, जिने हे सगळं जमिनीत वाहून न्यायचं, ती त्याच वळणावर तुटली होती.

काकूंनीही वाकून पाहिलं. वायर फुटली होती, तार तुटली होती, धुळीने सुतळी काळी पडली होती.

"गाठ मात्र सुटली नाही," त्या म्हणाल्या.

वायरमनने कात्री मागितली. काकांनी स्वतः आणून दिली आणि ती गाठ कापली जाताना तोंड फिरवलं.

वायर बदलली. मग वायरमनने काकांचा मीटर घेऊन आपल्या पिशवीतल्या दोन नव्या वायरी त्याला लावल्या आणि टोकं काकांच्या हातात दिली. "तुम्हीच मोजा. आधी चालू प्लग."

काकांनी बैठकीतला प्लग मोजला. दोनशे एकतीस. मग फ्रिजचा स्क्रू. शून्य. मग न सांगता ते पुन्हा बैठकीत गेले आणि प्लग मोजला. दोनशे एकतीस. मग पुन्हा फ्रिज. ते असे किती वेळा गेले-आले कोण जाणे, पिटुकलीला तो खेळ वाटला आणि ती मुलीचं बोट धरून त्यांच्या मागे डुलत डुलत फिरायला लागली.

"पुरे काका," वायरमन म्हणाला. "फ्रिज ठीक आहे आता."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. काकांनी मीटर खाली ठेवला. काचेत आकडा होता, वायरमन साक्षीला होता. तरी ते काकूंकडे वळले.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता, निदान यंत्रांच्या बाबतीत. काकूंनी पदराला हात पुसले, पुढे झाल्या आणि फ्रिजच्या दारावर हात ठेवला. काका आकड्याकडे बघावं तसे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. काकूंनी मुद्दाम वेळ घेतला. तेवढा त्यांचा हक्क होता.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

"शून्य?"

"शून्य."

मुलगी गाडीतून सामान आणायला खाली गेली.

संध्याकाळी काका दारोदार गेले, वायरमनला बरोबर घेऊन, आणि आपलं एकेक शून्य परत घेतलं. आधी प्लग, मग यंत्र, मग पुन्हा प्लग. वहिनींचं पाणी तापवायचं यंत्र चांगलं निघालं. त्या म्हणाल्या, "मी तर रोज करत होते आंघोळ," आणि काकांना जिन्यात पायरीवर बसावं लागलं. समोरच्यांची इस्त्री मात्र वायरमनने बाजूला ठेवली. तिची वायर इस्त्रीभोवती घट्ट गुंडाळून वर सुतळी बांधलेली होती. "तुम्हीच शिकवलंत," समोरचे म्हणाले. मास्तरांनी दार उघडलं, मीटर पाहिला आणि म्हणाले, "करंट मोजणार नसाल तर या."

घरी आल्यावर काकांनी मीटर टेबलावर ठेवला. दोन्ही वायरी पसरलेल्या होत्या. हात सवयीने खिशात गेला, सुतळीला लागला आणि तिथेच थांबला. काकू भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. काकांनी दोन्ही वायरी सैल वेटोळी करून, हलकेच, बांधल्याशिवाय, खणात ठेवल्या आणि खण लावला.

मग ते उठले, खण उघडला, त्या मोकळ्या वायरींकडे बघितलं आणि पुन्हा लावला.

पिटुकली निजेपर्यंत त्यांनी तो खण बरेचदा उघडला.